गोड बोलल्याचा गुन्हा

आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, पण फोनला अपडेट मात्र सारखं येतं. कुणी मागितलेलं नसतं. सकाळी उठून बघावं तर कालचं बटण आज दुसरीकडंच गेलेलं असतं. माझं सगळं आयुष्य पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात गेलं. तिथंही नवा साहेब आला की टेबलं हलायची, पण आदल्या दिवशी शिपाई येऊन सांगून तरी जायचा. या फोनवाल्यांना तेवढीही रीत नाही. त्यामुळं निवृत्त झालो तरी मी बटणांचाच फोन वापरत होतो. तो हातातून पडला तर मी आधी फरशी फुटली का ते बघायचो.

आमच्या हिचं तसं नव्हतं. मुलीचं लग्न झालं, घर रिकामं झालं, तशी हिनं शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकायला सुरुवात केली. चटणी उखळातली, मिक्सरची नाही. गावातल्या लोकांना ती दुकानात मिळते, म्हणून हिची गिऱ्हाइकं सगळी गाव सोडून गेलेली: पुण्याची, बेंगळुरूची, हुबळीची. आणि त्यांच्या ऑर्डरी यायच्या त्या सकाळी उठून लोक एकमेकांना फुलं पाठवतात त्या ॲपवर. हिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून सगळा कारभार बोलून. फोन डब्याला टेकवून ठेवायचा, बटण दाबायचं आणि बोलत सुटायचं. कुणाच्या मुलीचं बाळंतपण झालं, कुणाच्या सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, ते सगळं विचारून झालं की मग किती किलो पाहिजे ते विचारायचं.

"तू चटणी विकतीस का गप्पा?" मी म्हणायचो.

"सुम्म कुंद्री," ती म्हणायची, म्हणजे गप बसा. आमच्या घरात हिशोब मराठीत चालतो आणि रागावणं कानडीत.

या गिऱ्हाइकांत हुबळीची एक म्हातारी होती. माहेर सोलापूरचं, जन्म गेला हुबळीत. नवरा वारलेला, मुलगा-सून नोकरीला, नातवंडं घरात इंग्रजीत भांडायची. ही म्हातारी दुपारी न चुकता हिला बोलून पाठवायची. चटणी मागायची महिन्यातून एकदा, एरवी नुसतं आपलं. आज आमटी पातळ झाली, सुनेनं चांगले पडदे काढून दुसरे लावले, दारातला कढीपत्ता वाळला. ही शेंगा भाजता भाजता ते ऐकायची आणि तितकंच लांबलचक उत्तर द्यायची. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. पण आमच्या सख्ख्या नणंदा-भावजयांत जेवढं बोलणं नाही तेवढं त्या दोघींत होतं, आणि मला खरं सांगायचं तर त्याचा थोडा हेवाच वाटायचा.

त्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याची यात्रा बघायला माझा भाचा पुण्याहून आला. तो कॉम्प्युटर इंजिनिअर. आदल्या दिवशी भोगीच्या जेवणाला होटगी रोडवरचे आमचे साडूही आले. या दोघांना एका पंगतीत बसवणं म्हणजे हातानं भांडण वाढून घेणं. साडूंचं मत असं की फोन घ्यावा तर महागातला महाग. त्यांच्या फोनला वेगळी वायर, वेगळा चार्जर. घरात दुसऱ्या कुणाची वायर चालत नाही, याचंच त्यांना कौतुक. बॅटरी बदलायची तर त्याच कंपनीच्या माणसानं, तीही पुण्याला नेऊन. "सगळं बंदिस्त असतंय साडू, म्हणून तर सेफ," ते म्हणाले. तुरुंगसुद्धा याच कारणानं सेफ असतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण बाजरीची भाकरी लोण्याबरोबर चालली होती, म्हणून सोडून दिलं.

भाच्याचं याच्या उलट. त्याला सगळं खुलं पाहिजे. सॉफ्टवेअर खुलं, फुकट, कुणीही उघडून बघावं, कुणीही दुरुस्त करावं. ऐकायला संतवाणी. पण मागल्या दिवाळीत यानंच माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते खुलं प्रकरण बसवून दिलं होतं, आणि त्या दिवसापासून आमचा प्रिंटर मुका झाला. चटणीच्या पुड्यांवरची लेबलं मी अजून हातानं लिहितो. त्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, फोरमवर विचारा ना, जगभरची माणसं मदत करतात." जगभरच्या माणसांना माझ्या लेबलांची काय पडली आहे? जर्मनीतला एक जण मात्र खरंच बोलला. तो म्हणाला, प्रिंटर बदला.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. ही पहाटे उठली, आंघोळ, पूजा उरकली आणि तिळाच्या वड्यांच्या ताटाचा फोटो काढला. खाली लिहिलं, तिळगूळ घ्या, गोड बोला. कानडी गिऱ्हाइकांसाठी तेच कानडीत. आणि एकेकाला करत सगळ्यांना पाठवत बसली. कुणी राहायला नको, ही तिची रीतच. मागच्या वर्षी बुरशी आली म्हणून भांडलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा पाठवलं, कारण ज्याच्याशी बिनसलं त्याला तर तिळगूळ आधी द्यायचा असतो.

पाठवणं पुरतं संपलंही नव्हतं आणि फोनवर एक पाटी आली. आपण नियमांचा भंग केल्यामुळं हे खातं वापरता येणार नाही.

ती फोन घेऊन बाहेरच्या खोलीत आली. तोंड पांढरं पडलं होतं. "अहो, माझ्या हातनं काय घाण गेलं का हो कुणाला?"

भाच्यानं फोन बघितला आणि हसला. "मामी, एकदम इतक्या लोकांना एकच मेसेज गेला. मशीनला वाटलं, तुम्ही फसवणूकवाल्या आहात."

"अरे पण संक्रांतीला सगळ्यांना तेच म्हणायचं असतंय की! येगळं येगळं काय म्हणू?"

यावर त्यानं ताटातली एक वडी उचलली. साता समुद्रापलीकडं बसून या लोकांनी अकलेचं यंत्र बनवलं, आणि त्या यंत्राला चोर आणि तिळगूळ वाटणारी बाई यांतला फरक कळेना. आमच्या गल्लीतलं कुत्रं यापेक्षा शहाणं आहे, ते माणूस बघून भुंकतं.

खरा घोळ पुढंच होता. हिनं एकाही गिऱ्हाइकाचा नंबर फोनमध्ये नावानं ठेवला नव्हता. ती माणसं ओळखायची फोटोवरून. गुलाबवाली, टोपीतलं बाळ, स्कूटरवर बसलेला, आणि ती म्हातारी म्हणजे तुळशीपाशी उभी असलेली. फोटोवर बोट ठेवलं की माणूस हजर, मग नंबर कशाला लिहायचा? पत्तेसुद्धा तिथंच. पार्सलवर लिहायच्या वेळी वर सरकवून बघायचे. आता सगळं त्या ॲपच्या पोटात आणि ॲपला कुलूप. माझ्या सिमकार्डावर भाच्यानं दुसरं खातं काढून दिलं, पण ते रिकामं. बोलणार कुणाशी?

"म्हणून मी सांगत होतो," भाचा म्हणाला आणि हिच्या फोनवर त्यानं एक खुलं ॲप बसवलं. जाहिरात नाही, मालक नाही, कुणी हाकलणार नाही. झकास. मांडव प्रशस्त, सनई लावलेली, आणि वऱ्हाडच नाही. त्या ॲपवर हिच्या ओळखीचा एकच माणूस होता, तो म्हणजे भाचा, आणि तो समोरच्या खुर्चीत बसून वड्या खात होता.

साडूंनी फोनवर कळवलं की त्यांचा फोन घेतला असता तर असं झालं नसतं. ते ॲप त्यांच्याही फोनवर तेच आहे, एवढंसुद्धा या गृहस्थांना ठाऊक नव्हतं.

मग मी उतरलो मैदानात. अर्ज करायचा माझा धंदाच होता. महोदय, वरील विषयास अनुसरून, असं सुरू करून झकास अर्ज तयार केला आणि भाच्याला म्हटलं, पाठव. तर तिथं अर्जाला जागाच नाही! 'फेरतपासणीची विनंती' असं एक बटण आणि खाली बोटभर चौकोन. माझा अर्ज 'सविनय'पाशीच संपला. थोड्या वेळात उत्तर आलं, आम्ही तपासलं, निर्णय कायम. कोण आम्ही? सही नाही, हुद्दा नाही, जावक क्रमांक नाही. आमच्या कचेरीला लोकांनी काय कमी शिव्या घातल्या? पण कचेरीला खिडकी होती. खिडकीत डोकं घालून शिवी देता यायची, आणि आत ती ऐकणारा माणूस होता.

काही गिऱ्हाइकांकडं हिचा नंबर होता, त्यांनी साधा फोन केला. त्यांची चटणी गेली. म्हातारीचा फोन येणं शक्य नव्हतं. तिच्या फोनला रिचार्ज नसायचा, घरच्या वायफायवर जेवढं चालेल तेवढंच. दुपार झाली की ही फोन डब्याला टेकवून ठेवायची. सवय. शेंगा भाजायची आणि मधेच म्हणायची, "म्हातारी काय म्हणत असंल हो?" मी म्हणायचो, समजून घेईल. मला त्या दिवसांत कुणाचंही तोंड बघवत नव्हतं. फोन घेऊन रस्त्यानं चालणारा माणूस दिसला की त्याच्या हातातून तो काढून घ्यावा आणि तलावात टाकावा असं वाटायचं.

शिवरात्र झाली, आणि त्यानंतर एका सकाळी खातं आपोआप सुरू झालं. का बंद केलं ते सांगितलं नाही, का उघडलं तेही नाही. चुकलं असा शब्द नाही. साठलेले निरोप बदाबदा पडले. ही बाकी सगळं सोडून तुळशीपाशी उभ्या असलेल्या फोटोवर गेली आणि तिनं एकेक निरोप लावला. मी शेजारी बसलो होतो.

"तिळगूळ घे गं माझे बाई, गोड बोल." हा पहिला. मग दोन दिवस रोजच्यासारखं, आमटी, नातवंडं. मग, "ऐकतीस का न्हाय?" मग, "रागावलीस व्हय? माझं काय चुकलं आसंल तर सांग की." त्यानंतर बरेच दिवस काही नाही. शेवटचा निरोप अगदी छोटा होता. "ऱ्हाऊ दे. मी आपली उगं तुझा येळ खात हुते. आता न्हाय देत तरास."

हिनं तिथल्या तिथं त्याच ॲपवरून फोन लावला. म्हातारीनं उचलला. ही घाईघाईनं सांगायला लागली की माझं खातं बंद केलं होतं, कंपनीनं, मशीननं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "का म्हून बंद केलं?"

"मी सगळ्यांना तिळगूळ पाठवला म्हणून."

मग म्हातारी म्हणाली, "तिळगूळ दिला म्हून कुणी दार लावतंय व्हय? मला काय लेकरू समजतीस? सरळ सांगायचं हुतं की, म्हातारे, तुझं ऐकून कट्टाळा आला."

हिनं शपथा घातल्या. पण दाखवणार काय? कंपनीनं कारण लिहून दिलेलं नव्हतं. खरं तेवढं एकच होतं आणि ते ऐकायला सगळ्यात खोटं वाटत होतं. शेवटी मी फोन घेतला. "अहो बाई, मी हिचा नवरा. खरं सांगतो, अगदी असंच झालं. आमचा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे, त्यानंही सांगितलं."

"तुमी नवरा हाय," म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुमी तिच्याच बाजूनं बोलणार. मी रागावली न्हाय. माझ्या घरात बी माझं कोण ऐकत न्हाय, तितं परक्यानं का ऐकावं?" आणि तिनं फोन ठेवला.

हिनं नंतर पुष्कळदा बोलून पाठवलं. ते तिकडं पोचत होतं, ऐकलंही जात होतं. उत्तर आलं नाही. एकदा चटणीचा पुडा पाठवला, तो सुनेनं घेतल्याची पोच तेवढी आली.

एका दुपारी ही भाजलेल्या शेंगा तशाच परातीत टाकून उठली आणि फोन माझ्या हातात आणून दिला. "हे तुमीच बघा आता. मला न्हाय बोलायचं यातनं कुणाशी."

म्हणून आता ऑर्डरी मी घेतो. भाच्यानं तयार वाक्यं घालून दिली आहेत. किती किलो, पत्ता पाठवा, पार्सल निघालं. बाळंतपणं, गुडघे काही विचारत नाही. धंदा पूर्वीपेक्षा बरा चाललाय. ही स्वयंपाकघरात चटणी कुटत असते, तिच्यापुढच्या डब्याला काही टेकवलेलं नसतं, आणि तिच्याशी बोलायला मी तेवढा एकटा उरलोय. परवा पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं लिहिलं, "आजकाल तुमचा रिप्लाय लगेच येतो, सर्व्हिस एकदम सुधारली." मी त्याला अंगठा पाठवला.