सटवाजीच्या बांधावरचा पाला

शिरड शहापुरात कुणाचे डोळे पिवळे झाले की माणूस आधी जनकाबाईच्या दारी जायचा, मग दवाखान्याचं बघायचा. चाळीस वर्षं म्हातारीनं काविळीवर औषध दिलं, पण कोणत्या पाल्याचं, ते कुणाला सांगितलं नाही. रविवारी उजाडताना, तोंडातून चकार शब्द न काढता सटवाजीच्या बांधावर जायचं, पाला उपटायचा, सावलीत वाळवून कुटायचा. नाव घेतलं की गुण जातो, असं सासूनं बजावलेलं. बाई हट्टी तरी किती! नवऱ्यानं मरताना विचारलं, तर त्यालाही 'पाला हाय' एवढंच म्हणाली.

नात ज्योती हिंगोलीच्या कॉलेजात शिकते. गावठी औषधांत ताकद किती नि धोका किती, हे ती प्रयोगशाळेत तपासते. तिनं आजीचं चूर्ण नेलं, तेव्हा म्हातारीला कोण आनंद! चार घरी सांगूनही झालं.

महिन्यानं ज्योती आली ती तोंड पाडून.

"आजी, तुझ्या पाल्यात ताकद लई हाय. आमच्या मॅडम बी चकित झाल्या. पण त्यात तणनाशक निघालं. आता कुणाला देऊ नको."

"मी काय फवारा मारून राहिले? तुझं मशीनच खोटं!" जनकाबाई कडाडली.

तेवढ्यात सटवाजी आला. मागं त्याची सून प्रतिक्षा, उपाशीपोटी. तिच्या औषधाचा आज तिसरा दिवस. वाटी भरून तयारच होती. पोरीनं हात पुढं केला आणि जनकाबाईनं वाटी मागं ओढली.

"सटवाजी, बांधावर काई फवारलं व्हतं काय रे?"

"व्हय की मावशी, तुमच्यासाठीच! तुमी रविवारी तिथं बसता. गवतात जनावर डसलं म्हंजे? म्हून गवत वाढलं की शनिवारी सांजच्याला मारून ठेवतो."

"आरं, मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी तिथं बोलत न्हाई, काय तोडता ते बी सांगत न्हाई. मला कसं कळावं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. दोन दिवस या लेकराच्या पोटात आपल्याच हातानं काय गेलं, हे म्हातारीला उमगलं. तिनं वाटी मोरीत पालथी केली आणि लुगड्याचा पदर खोचला.

"ज्योते, बाकीच्या घरी सांगून ये, कुणी घेऊ नका म्हणावं. मी हिला दवाखान्यात नेते."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. कावीळ होती, पण बरं झालं वेळेवर आणलं म्हणाले, तणनाशकाची बाधा दिसत नव्हती. तेव्हा कुठं जनकाबाईचा जीव भांड्यात पडला. दवाखान्याच्या बाकड्यावरच ती सटवाजीकडं वळली.

"भुईआवळी. पानाखाली बारके बारके आवळे लागतात, ती. तेवढी जागा सोड बाबा."

"आगं मावशी! ही तर आमी तण म्हून उपटून फेकतो."

"गुण गेला असंल आता," ती पुटपुटली, आणि डोळे पुसले.

पुढच्या रविवारी उजाडताना सटवाजी काठी घेऊन तिच्या पुढं चालला, जनावर बघत. चाळीस वर्षं जी वाट म्हातारी मुकाट चालली, त्या वाटेवर ती बांध येईस्तोवर बोलतच होती.