विमा उतरवला, बॅटरी उतरली

शहापूरच्या बाजारपेठेतून नवी कोरी विजेची सायकल मी ताईच्या दारापर्यंत हातानं ढकलत आणली. पेठेतल्या चहावाल्याला राहवलं नाही.

“काय मावशी, पैल्याच दिवशी बंद पडली?”

“बंद नाय पडली रे. विमा उतरवल्याशिवाय चाक फिरवायचं नाय, असा घरचा हुकूम हाय.”

हुकूम माझ्या मुलाचा, संदेशचा. तो कल्याणला असतो आणि मी मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याला. टोकावड्याला माझं शिवणकामाचं लहानसं दुकान आहे. इतकी वर्षं साध्या सायकलला कापडाचं बोचकं बांधून जात होते, मग गुडघ्यांनी संप पुकारला. एसटी हात दाखवला म्हणून थांबेलच असं नाही, आणि जीपमध्ये गुडघे दुमडून बसायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. संदेशचं म्हणणं सरळ होतं, दुकान बंद कर आणि कल्याणला ये. माझं त्याहून सरळ होतं, येणार नाही. कल्याणला जाऊन मी करू काय? चौथ्या मजल्यावरून खालच्या गाड्या मोजू?

शेवटी आमच्यात तह झाला. मी विजेची सायकल घ्यायची आणि शहापूरहून घरापर्यंत स्वतः चालवत आणायची. आणली, तर दुकानाचा विषय तो पुन्हा काढणार नाही. वाटेत टेम्पोत घालावी लागली, तर मी मुकाट्यानं कल्याणला जायचं. आणि विमा उतरवल्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही, हे त्यातलं मोठ्या अक्षरातलं कलम.

शहापूरच का, तर दुकान तिथं आणि थोरल्या बहिणीचं, म्हणजे ताईचं, सासरही तिथंच. दुकानदारानं आम्हा दोघींना समोर बसवून समजावलं होतं. “लायसन नको, नंबरप्लेट नको. तुमी पायडल मारा, मोटर मागनं जोर देईल. विमा सक्तीचा नाय, पण घेतलेला बरा. चोरीला गेली, कुठं आपटली तर उपयोगी पडतो. सकाळी आमचा मानूस घरी येऊन फोटो काढील आणि उतरवून देईल.”

सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले, तर सायकलच्या दांड्यावर तेल-कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, हँडलला झेंडूची माळ आणि पुढच्या चाकाखाली लिंबू.

“ताई, ते उतरवायचं राहिलंय ना अजून?”

“झालं गो उतरवून. तू न्हात होतीस तवाच.”

“एवढ्यात?”

“त्याला काय टाइम लागतो?”

विमावाला चटपटीत दिसतोय, असं म्हणून मी मनातल्या मनात त्याचं कौतुक केलं. ताईनं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी फडक्यात बांधून दिली. मी लिंबू चिरडलं आणि निघाले.

आणि काय सांगू! पहिल्या पायडललाच सायकलनं मला अशी पुढे ढकलली की मी मोठ्यानं “अगो बाई” म्हणाले. लहानपणी सायकल शिकताना बाबा मागून सीट धरून पळायचे, तसं कुणीतरी मागे आहे असं सारखं वाटत होतं. दोनदा तर मी वळूनही पाहिलं. मागे फक्त माहुलीचे सुळके होते, धुक्यातून निम्मे वर आलेले.

किन्हवलीच्या रस्त्याला भातं कापून झाली होती. शेतांत उडव्या (भाताच्या भाऱ्यांच्या रचलेल्या राशी) उभ्या होत्या, काही ठिकाणी बायका झोडणी करत होत्या. ओल्या राहिलेल्या तुकड्यांत वालाची कोवळी रोपं वर आली होती. एका खळ्यावरून हाक आली, “मावशी, एक चक्कर मारू काय गो?” मी हसून हात केला आणि पुढे गेले. थांबायला हवं होतं, पण मोटरचा जोर अंगात भिनला होता. चढ आला की गुडघे सवयीनं घाबरायचे आणि चढ संपला की ओशाळायचे.

किन्हवलीला चहाला थांबले आणि फोन वाजला.

“म्याडम, कुठं हाव तुमी? मी विमावाला. तुमच्या ताईंच्या दारात उभा हाय, सायकल दिसत नाय.”

चहा तसाच ठेवून मी ताईला फोन लावला. “अगं, तू उतरवलं म्हणालीस ना?”

“मग! नजर उतरवली. सायकलची. मीठ, मोहऱ्या, सात मिरच्या. चुलीत टाकल्या तर एकीचा ठसका नाय आला. बघ, केवढी जबर लागली व्हती.”

(मिरच्या जाळल्यावर ठसका आला नाही तर दृष्ट लागलेली, आला तर नव्हती, असा आमच्याकडचा हिशोब.)

आता दोष कुणाला देणार? मराठीत विमाही उतरवतात आणि नजरही. मी ताईवर ओरडणार होते, पण हसूच आलं. मग संदेशची आठवण झाली आणि हसू मावळलं.

त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “झालं. तिथंच थांब, मी टेम्पो घेऊन येतो.”

“तू येऊ नको. विमावाला म्हणतोय, मुरबाडला त्याच्या माणसाकडे जा, तिथं लगेच होईल.”

“मुरबाड उलटं पडतं आई. सरळगावला घराकडे वळायचं सोडून तू मुरबाडला जाणार, परत तेवढंच येणार. बॅटरी पुरायची नाय.”

“गुडघे पुरतील,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. बोलून गेले खरी, पण त्या क्षणी माझे दोन्ही गुडघे माझ्याकडे रागानं बघत असावेत.

मोटरचा जोर सगळ्यात कमी ठेवून मी निघाले. काळू नदीच्या पुलावर वारा समोरून येत होता. सरळगावच्या नाक्यावर डावीकडे आमचा माळशेजचा रस्ता. मी निमूटपणे उजवीकडे वळले. घराकडे पाठ करून पायडल मारणं फार जड जातं.

मुरबाडला विमावाल्याच्या माणसानं, देसलेभाऊंनी, सायकल बघितली, मला बघितलं आणि आधी पाण्याचा तांब्या दिला. सायकल आपल्याच बोर्डाला चार्जिंगला लावून दिली. मी भाकरी सोडली, त्यांनी मोबाइल काढला. सगळ्या बाजूंनी फोटो झाले आणि देसलेभाऊ दांड्याजवळ वाकून बसले.

“काकू, गाडीचा नंबर दांड्यावर कोरलेला असतो. तोच फोटोत पायजे. दिसत नाय कुठं.”

नंबर ताईच्या स्वस्तिकाखाली होता. मी फडकं हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. थोरल्या बहिणीनं काढलेलं, आणि त्यात स्वस्तिक. पुसायचं कसं? देसलेभाऊंच्या लक्षात आलं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, “बाप्पा, पाच मिनिटं जरा सरका.” मग बोटाला फडकं गुंडाळून त्यांनी नंबरापुरतं कुंकू बाजूला केलं. स्वस्तिकाचा एक पाय आखूड झाला, पण नंबर दिसला.

“उतरला काकू,” मोबाइलवर पॉलिसी दाखवत ते म्हणाले. तेवढ्यात लाइट गेली. बॅटरी निम्मीच भरली होती. लाइट कधी येईल हे मुरबाडात कुणीच सांगू शकत नव्हतं. उन्हं कलायच्या आत पोचायचं तर निघणं भाग होतं.

परत सरळगावापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे टोकावड्याच्या अलीकडच्या चढावर सायकलच्या पडद्यावरची शेवटची दांडी लुकलुकली आणि विझली. बॅटरी उतरली. आता ती साधी सायकल झाली होती, तीही साध्या सायकलीपेक्षा जड. कॅरिअरला शहापुरातून घेतलेल्या अस्तराच्या कापडाचं बोचकं होतं. दहा-बारा पायडल मारले आणि गुडघ्यातून अशी कळ आली की मी पाय टेकले. मागून एक रिकामा टेम्पो आला. चालकानं वेग कमी केला आणि खिडकीतून विचारलं, “टाकू का मागं?”

खोटं कशाला बोलू, हो म्हणायला तोंड उघडलं होतं. कल्याणचा चौथा मजला डोळ्यांपुढे आला आणि मी तोंड मिटलं. टेम्पो गेला. मला मात्र रडू यायला लागलं.

लाकडाच्या मोळ्या घेऊन दोघी बायका मागून येत होत्या. एकीची मोळी लहान होती. तिनं विचारलं, “काय झालं गो?” मी सांगितलं. तह, टेम्पो, सगळंच सांगितलं. परक्या माणसाला सांगताना किती सोपं जातं!

“म्हंजे गाडी तूच चालवाया पायजे,” ती म्हणाली. “बोचक्याचं काय बोलणं नाय ना झालेलं? मग गाडी तू चालव, बोचकं आमी आणतो.”

तिनं बोचकं मोळीवर चढवलंसुद्धा. मी हळूहळू पायडल मारत होते आणि त्या दोघी बाजूनं चालत होत्या, बऱ्याचदा माझ्या पुढेच. दुकानाच्या पायरीवर बोचकं ठेवून त्या निघाल्या, तेव्हा मी म्हटलं, “ब्लाऊज शिवायला माझ्याकडेच या.” “फुकट शिवशील तं येऊ,” म्हणून दोघी खिदळत गेल्या.

माझंच दुकान, माझाच बोर्ड. सायकल चार्जिंगला लावली आणि घरापुरती भरेपर्यंत मशीनवर बसले. एक राहिलेलं काज-बटण पुरं केलं. घराकडे निघाले तेव्हा समोर नाणेघाटाचा तो उभा कडा, नानाचा अंगठा, उन्हात तांबूस झाला होता. रोजचाच अंगठा, पण आज तो मला शाबासकीसाठी दाखवलेला वाटला.

अंगणात संदेश उभा होता.

“टेम्पो कुठाय?”

“नाय आणला.” त्यानं सायकलभोवती फेरी मारली आणि लंगडं स्वस्तिक बघितलं. “दुकानात चार्जिंग कशावर केलंस?”

“मशीनच्या बोर्डावर.”

“ती लोंबती वायर नाय चालायची. सकाळी तुझ्याबरोबर येतो. भिंतीत वेगळा पॉइंट बसवून देतो.”

एवढंच. तह पाळला गेला होता आणि तो उच्चारायची दोघांनाही गरज वाटली नाही. मी पायरीवर बसले. संदेश आत जाऊन मीठ-मिरच्यांची मूठ बांधून आला.

“सायकलचं दोनदा उतरवून झालं. तुझं राहिलंय.”

त्यानं माझ्यावरून मूठ फिरवायला सुरुवात केली. नजर उतरवायचे शब्द त्याला येत नव्हते, म्हणून तो मनानंच जुळवत होता. “आल्यागेल्याची, ट्रकवाल्याची, टेम्पोवाल्याची, विमावाल्याची…” मग मूठ चुलीत टाकली.

काय तो ठसका! आम्ही दोघं खोकत खोकत अंगणात पळालो. शेजारणीनं दार उघडलं आणि तीही खोकायला लागली.

“म्हणजे,” डोळे पुसत संदेश म्हणाला, “तुला लागलीच नव्हती.”

शहापूरपासून वैशाखऱ्यापर्यंत दिवसभर माणसं माझ्याकडे बघत होती. चहावाला, खळ्यावरच्या बायका, चपला काढणारे देसलेभाऊ, मोळीवर बोचकं घेणारी ती बाई. एकाचीही नजर वाईट नव्हती.