पाच मिलिमीटरचा पत्रा

‘असू दे, भागतंय’ हे शब्द ज्याच्या तोंडून कधी बाहेरच पडले नाहीत असा माणूस सातारा जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या वाट्याला आला. आमचे हे काका लष्करात गाड्या दुरुस्त करता करता हवालदार होऊन निवृत्त झाले आणि साताऱ्यात घर बांधून राहिले. पण निवृत्त ते एकटेच झाले, त्यांच्या खिशातला जाडी मोजायचा कॅलिपर झाला नाही. मावशीच्या भाकरीलाही तो एकदा लागला. कडेला जाड आणि मध्ये पातळ, असा निकाल ऐकून मावशी म्हणाली, ‘‘आवं, पोटात गेल्यावर कोण बगतंय?’’ माझ्या लग्नात मांडवाचा एक खांब दोन बोटं कललाय, हे त्यांनी ओळंबा सोडून शोधून काढलं आणि भटजी मंगलाष्टकांसाठी घसा खाकरून उभे असताना तो उपटून पुन्हा रोवला. मुहूर्त टळला. ‘‘मुहूर्त परत येतोय. मांडव कोसळला तर मानसं परत यायची न्हाईत,’’ असं त्यांनी वर माझ्या सासऱ्यांनाच सुनावलं. आमच्या घरात भांड्याला भांडं लागलं की बायको अजून त्या खांबाचा उद्धार करते.

नव्वद सालानंतर कधीतरी लष्करी भंगाराच्या लिलावातून त्यांनी एक अजब गाडी उचलली. सहा फुगीर चाकं, वरून उघडी, बूड होडीसारखं. रस्त्यावर चालायची, चिखलात चालायची आणि पाण्यात सोडली की त्याच चाकांनी पाणी मागे सारत तरंगत जायची. तिची नोंद गाडी म्हणून करायची की होडी म्हणून, हे कुणालाच सांगता येईना, त्यामुळे ही गाडी कुठेही जायची ती टेम्पोत बसून. आळीनं तिचं नाव बेडकी ठेवलं. काका मात्र अदबीनं ‘वाहन’ म्हणत. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला खेळणं सापडलं. पण ती आणली होती मावशीच्या माहेरासाठी. ते गाव मावशीच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच कोयनेच्या पाण्यात गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की पंधरा-वीस दिवस घरांची जोती वर येतात. बामणोलीहून लाँच जाते, पण पाण्याची कड आणि गाव यांच्यामध्ये मांडीएवढा चिखल असतो. तरणी माणसं तो तुडवून जातात. मावशीचे गुडघे कामातून गेलेले, त्यात हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी तिला जिनासुद्धा बंद केला होता. ‘‘येकडाव आमच्या उंबऱ्यावर बसून यायचं हाय,’’ एवढंच ती म्हणायची.

एप्रिलच्या अखेरीस माहुलीला कृष्णेत चाचणी झाली. बेडकी झकास तरंगली आणि काठावर चढताना खडकावर धाडकन बसली. अशा गाडीच्या पोटाखाली एक जाड पत्रा असतो. दगडधोंड्यांचे घाव त्यानं सोसायचे आणि पोट वाचवायचं. काका त्याला स्किड प्लेट म्हणत. ती पुढून फाटून मुडपली. मी वाकून पाहिलं आणि म्हटलं, ‘‘काका, पोटाला ओरखडासुद्धा नाही.’’

‘‘प्लेटीबिगर वाहन अनफिट,’’ काका म्हणाले आणि गाडीच्या अंगावर त्यांनी खरोखरच खडूनं ‘अनफिट’ असं लिहिलं.

अल्युमिनियमचा तसला पाच मिलिमीटरचा पत्रा साताऱ्यात मिळेना, म्हणून आम्ही सांगली गाठली. मी शाळामास्तर, मला सुट्टीच होती. तिथले एक जैन शेटजी काकांच्या ओळखीचे, पत्र्यांचे व्यापारी. त्यांनी चार मिलिमीटरचा पत्रा काढून दाखवला. ‘‘घ्या हवालदार, एका मिलिमीटरानं काय हुतंय?’’

‘‘चार म्हंजे पाच न्हवं,’’ म्हणून काका उठलेच. आठ दिवसांनी पाचाचा आला. तो एसटीच्या टपावर बांधला. कराडला काका दोरी तपासायला टपावर चढले ते उतरेचनात, शेवटी कंडक्टरनं खालून हात जोडले. घरी आल्यावर पत्रा वाकवला, बारा भोकं पाडली, त्यातलं एक काडीभर सरकलं. दुसऱ्या कुणीही कानस फिरवून बोल्ट बसवला असता. काकांनी अख्खा पत्रा बाद केला आणि आम्ही पुन्हा सांगलीच्या गाडीत बसलो.

इकडे मे सरत होता. गावच्या देवीसाठी खण-नारळाची पिशवी मावशीनं कधीच भरून खुंटीला अडकवली होती. ओट्यावर बसून ती काकांचे गाडीखालून बाहेर आलेले पाय बघत राहायची. एकदा म्हणाली, ‘‘आवं, चला की तसंच. बुडलो तर म्हायेरातच बुडू.’’

मी हसलो. काका गाडीखालून बाहेर आले, ते हसले नाहीत. ‘‘तुला बशिवनार हाय मी ह्यात. येक बोल्टबी ढिला चालायचा न्हाई,’’ म्हणाले आणि परत आत गेले. बायकोवर माया करायची याहून वेगळी रीत त्या माणसाला ठाऊकच नव्हती.

पत्रा चढला तो जूनमध्ये. बाराच्या बारा बोल्ट तंतोतंत, बोट फिरवलं तर सांधा लागू नये असं काम. काकांनी ‘अनफिट’ पुसलं. पण तोवर कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागला होता आणि गाव पाण्याखाली गेलं होतं. ‘‘फुडच्या साली जाऊ की, त्यात काय,’’ असं मावशीनंच त्यांना समजावलं. मार्गशीर्षात एका दुपारी घेवडा निवडता निवडता मावशी गेली. मला काकांचा भयंकर राग आला. दिवसकार्य होईपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललोही नाही.

पुढच्या मे महिन्यात ते माझ्या दारात उभे. ‘‘चल रं,’’ एवढंच म्हणाले. बामणोलीच्या अलीकडे बेडकी टेम्पोतून उतरवली. मी पुढे बसायला गेलो तर मला मागे बसवलं. पुढच्या जागेवर मावशीनं शिवलेली उशी होती आणि उशीवर ती पिशवी. पाणी ओलांडलं, चिखलही ओलांडला; एक थेंब आत आला नाही. जोत्यांच्या ओळीतून काका न विचारता बरोबर मावशीच्या घरापाशी गेले आणि चढ घेताना उंबऱ्याच्या दगडावर पोटाखालचा पत्रा खर्रकन घासला. आता हे उडी मारून खाली वाकणार, म्हणून मी सावरून बसलो. ते हललेच नाहीत. इंजिन बंद करून म्हणाले, ‘‘त्या पत्र्याचं काम निस्तं घाव सोसायचं. माहुलीला पोट धड हुतं.’’

त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

‘‘भागलं असतं रं,’’ ते म्हणाले.

माझा राग तिथेच गेला, आणि तो गेल्याचं मला फार वाईट वाटलं. आम्ही खण-नारळ देवीच्या चौथऱ्यावर नेऊन ठेवला. परत आल्यावर काका उंबऱ्यावर थोडा वेळ बसले.

त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या आधी काका बेडकी खालून-वरून रंगवायचे. एका वर्षी त्यांची कंबर धरली होती म्हणून मी ब्रश घेऊन खाली शिरलो. सगळा पत्रा नव्यासारखा, फक्त पुढच्या बाजूला वीतभर ओरखडा तसाच उघडा. मी ब्रश टेकवणार, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

‘‘तो ऱ्हाऊ दे. तेवढा तिचा हाय.’’