गगनबावड्याला दोन कॅमेरे आणि माझा उजवा हात

कॅमकॉर्डर घ्यावा की व्हिडिओ काढणारा डीएसएलआर, या प्रश्नासाठी आम्ही गगनबावड्याला गेलो असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण आमच्या घरात निर्णय असेच होतात. पुण्यात राहणारा मुलगा समीर, सून प्राजक्ता आणि पावणेदोन वर्षांची नात मनू संक्रांतीनंतर जर्मनीला निघणार होते, दोन वर्षांसाठी. जाण्याआधी आईला चांगला कॅमेरा घेऊन द्यायचा, असं समीरच्या मनात होतं. त्यानं पुण्याच्या मित्राचा डीएसएलआर मागून आणला, माझ्या धाकट्या बहिणीकडून तिचा टेपवाला कॅमकॉर्डर घेतला आणि जाहीर केलं, "शनिवारी गगनबावडा. आई दोन्ही वापरून बघेल, रविवारी टीव्हीवर लावू आणि ठरवू."

घरात व्हिडिओ काढणारी मीच. नव्वदच्या सुमाराला समीरच्या वाढदिवसाला खांद्यावरचा अवजड कॅमेरा घेऊन माणूस यायचा. तो चहाला बसला की मी त्याच्याकडून कॅमेरा मागून घ्यायचे, आणि शेवटी केक कापतानाचं चित्रण मीच केलेलं असायचं. पुढे आमचा स्वतःचा कॅमकॉर्डर आला. समीरचं लग्न, मनूचं बारसं, सगळं त्यातलं. कोल्हापूरच्या पावसाळी दमटपणानं त्याच्या लेन्सला बुरशी आली आणि तो गेला. म्हणून नवा.

माझी अडचण वेगळीच होती. आता ती सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहू शकते. दिवाळीपासून माझा उजवा हात थरथरत होता. सतत नाही. मांडीवर निवांत ठेवला की अंगठा आपला आपण हलायचा. काही उचलून धरलं की क्षणभर हात शहाण्यासारखा राहायचा आणि मग सुरू व्हायचा. शाळेत सिस्टरांनी रेघारेघांच्या वहीत घोटून घेतलेलं माझं अक्षर बारीक बारीक होत चाललं होतं. हा ब्लॉग टाइप करते, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. तिला कंपवात होता, आणि तिचे शेवटचे दिवस समीरनं डोळ्यांनी पाहिले आहेत. माझा हात त्याला दिसला असता तर त्यानं तिकिटं फाडून टाकली असती. ही नोकरी त्यानं किती वर्षं मागे लागून मिळवली होती ते मला माहीत होतं. तो विमानात बसेपर्यंत हात लपवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. आणि त्याच हातात तो कॅमेरा देत होता.

शनिवारी सकाळी सातला घरून, कोल्हापुरातल्या कसबा बावड्याहून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: अंतर पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, पण डिसेंबरात दोन तास धरा. उसाचा हंगाम असतो आणि बालिंग्याच्या पुलापासून ट्रॉल्यांच्या मागे मागेच जावं लागतं. पेट्रोल शहरातच भरून घ्या. गाडी नसेल तर रंकाळा स्टँडवरून एसटी आहे. धुकं होतं, खिडक्या बंद होत्या, मनू माझ्या मांडीवर होती. तिचं वजन हातावर असलं की हात शांत राहायचा, त्यामुळे साळवणपर्यंत मी तिला कुणाला दिलंच नाही.

"आई, पाय अवघडले असतील तुमचे," प्राजक्ता म्हणाली.

"असू दे गं. आता कुठे मिळणार आहे मला ती?"

हे खरंही होतं, म्हणून बोलताना फार अवघड गेलं नाही.

साळवणला चहा आणि कांदाभजी. समीरनं कॅमकॉर्डर माझ्या हातात दिला. त्याचा पट्टा मनगटाला घट्ट बसतो, हे मला पहिल्याच मिनिटाला आवडलं. पडदा बाजूला उघडतो, कोपर पोटाशी टेकवून चित्रण करता येतं. हॉटेलवाल्यानं झाऱ्या हवेत धरून विचारलं, "पावणं, शूटिंग हाय काय? टीवीवर येणार आमी?"

"जर्मनीला जाणार तुम्ही," यांनी सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान, साखर कारखान्यातून निवृत्त. आवाज अजून कारखान्यातलाच.

"मग थांबा की! टोपी घालून येतो."

तो खरंच टोपी घालून आला. मनू भज्याला फुंकर मारत होती. ते सगळं टेपवर आलं आणि मला जरा धीर आला.

गगनगडावर मात्र डीएसएलआर. गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या. लहान मूल असेल तर कानटोपी न्याच, कारण वर वारा ऐकत नाही. हा कॅमेरा सुंदर आहे, त्याबद्दल शंकाच नाही. मनूचा चेहरा स्वच्छ आणि मागचा डोंगर लोण्यासारखा मऊ होतो. कॅमकॉर्डरमध्ये असं कधी आलं नाही. पण व्हिडिओ काढताना तो डोळ्याला लावता येत नाही, मागच्या पडद्यावर बघत दोन्ही हातांनी पुढे धरावा लागतो. मूल पुढे पळालं की पुढची रिंग फिरवून फोकस आपणच जुळवायचा. माझ्या हातानं पहिले काही क्षण साथ दिली. मनू पायरीवर बसून चप्पल काढत होती, चांगलं येत होतं. मग अंगठा सुरू झाला. मी श्वास रोखला, कोपरं आवळली. पडद्यावर डोंगर हलत होता.

पायरीवर मीठ लावलेले आवळे विकणारी एक बाई बसली होती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग सगळ्या गडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी, हात लटपटतोय की वो तुमचा!"

प्राजक्ता माझ्या बाजूलाच होती.

"वारा फार आहे हो," मी म्हटलं.

"वारा हाय, पर माझा न्हाय लटपटत. सकाळी खाल्लंयसा का न्हाय काय? बसा हितं, आवळा खावा."

मी बसले. आवळा डाव्या हातानं खाल्ला. प्राजक्तानं आपली शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "गार पडलात तुम्ही." ती काय समजली, ते त्या वेळी कळेना. उतरताना प्रत्येक पायरीला मला वाटत होतं, आता ती समीरला सांगणार. ती मनूशी बोलत होती.

खाली आल्यावर विश्रामगृहापाशी गाडी लावली आणि करूळ घाट दिसतो त्या माळापर्यंत चालत गेलो. घरचे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी होती. डबा नेणार नसाल तर गावात जेवणाची सोय आहे, माणशी साठ-सत्तर रुपयांत पोट भरतं; फक्त बारानंतर लगेच सांगून ठेवा. समोर कोकण निळं निळं खाली पसरलं होतं. असं काही समोर असताना माणसानं बघावं. मी मात्र कॅमेरा कुणाच्या गळ्यात घालायचा याचा विचार करत होते. शेवटी यांच्या हातात दिला.

"मी मनूला भरवते. तुम्ही काढा जरा."

"मला कुठं येतंय ते?"

"लाल बटण दाबायचं आणि गप्प उभं राहायचं."

"गप्प बी राहायचं?" असं म्हणून त्यांनी दाबलं. माळाच्या मधोमध उभे राहून त्यांनी आमचं सगळं जेवण टिपलं. मी सुटले, असं मला वाटलं.

रविवारी दुपारी सगळे टीव्हीसमोर बसलो. आधी कॅमकॉर्डर. टोपीवाला, भजी, फुंकर मारणारी मनू. किंचित हलत होतं, पण गाडीतून उतरल्या उतरल्या काढलेलं वाटावं, इतकंच. या कॅमेऱ्यात थरथर सावरून घेण्याची सोय असते, हे समीरनं कौतुकानं सांगितलं. मग डीएसएलआर लॅपटॉपवरून लावला. गड आला. पायऱ्या, मनू, चप्पल. आणि सगळं चित्र थडथडायला लागलं. आमच्या मोठ्या टीव्हीवर ते फार मोठं दिसलं. इतकी वर्षं मला वाटायचं, व्हिडिओ काढणारा माणूस चित्रात नसतो. त्या दिवशी पडद्यावर दुसरं काहीच नव्हतं, माझाच हात होता.

"जड आहे ना हा," समीर म्हणाला. "याला सावरायची सोय नाही. कुणाचंही असंच येणार."

मी मान हलवली. तेवढ्यात पुढची फीत सुरू झाली. माळ, करूळ घाट, धपाटे, मी, मनू. तोच कॅमेरा, तोच वारा. चित्र भिंतीला टांगलेल्या तसबिरीसारखं स्थिर. यांच्या हातात कॅमेरा देताना, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दिसतील ही साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

समीर पुढे वाकला. "हे कुणी काढलं?"

"मी," हे म्हणाले. "गाडीच्या टपावर ठेवून काढलं. तुझ्या आईनं हातात धरून काढलं. हातात धरल्यावर नाचणारच की ते."

"मग बरोबर," समीर म्हणाला. "आई, तुला कॅमकॉर्डरच."

संध्याकाळी ते पुण्याला निघून गेले. मी यांच्यासमोर जाऊन बसले.

"त्या माळावर गाडी कुठे होती हो?"

"न्हवती."

मग यांनी विचारलं, "तुला कवापासनं कळलंय?"

"दिवाळीपासून."

"मग मला आधी कळलं. गणपतीत आरतीचं ताट धरलंवतंस तवा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. गेले कित्येक दिवस सकाळचा चहा हेच करत होते, आणि माझा कप अर्धाच भरत होते. संपला की पुन्हा अर्धा. मी समजत होते, निवृत्तीनंतर हौस आली आहे.

डॉक्टरांकडे गेलो. आईचाच आजार. मात्र अगदी सुरुवात आहे, गोळ्यांवर पुष्कळ वर्षं चांगली जातात, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. घरी आल्यावर मी म्हटलं, समीरला तिकडे पोचल्यावर सांगू. हे ऐकेनात. "लपवून पाठवलंस तर जल्मभर म्हणंल, मला परकं केलं." संक्रांतीला ते आले, तिळगूळ झाला आणि मी सांगितलं. प्राजक्तानं लगेच माझा हात हातात घेतला. तिला गडावरच शंका आली होती, पण मी होऊन सांगायची वाट बघत होती. समीर खिडकीशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "मी जात नाही."

"हितं बसून काय तिचा हात धरणार हायस व्हय?" हे कडाडले. "त्यो मी धरतोय. तू जा की!"

मनू घाबरून रडायला लागली, मग सगळ्यांनाच रडून घेता आलं. रात्री उशिरापर्यंत समीर माझे रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होता. सकाळी म्हणाला, जातो, पण दर रविवारी मला व्हिडिओ हवा आणि त्यात तूही हवीस. म्हणजे कॅमेरा आता अधूनमधून हे धरणार.

तर वाचकहो, ज्यांना घरचं लग्न, बारसं, सहल टिपायची आहे, त्यांनी कॅमकॉर्डर घ्यावा. हलका, आवाज चांगला, धावत्या मुलामागे धावता येतं. हौस आणि तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, दोन्ही असेल तर डीएसएलआर. एक गोष्ट मात्र दुकानात सांगत नाहीत. झूम पार शेवटपर्यंत नेला की कॅमकॉर्डरही थरथर सावरू शकत नाही. मला ती पुण्यात कळली. निरोप द्यायला आम्ही तिकडे गेलो होतो; ते निघाले तेव्हा मी त्यांच्या फाटकात उभी राहून चित्रण करत होते. टॅक्सी वळणाकडे गेली तसा मी झूम वाढवत गेले, मनूचा चेहरा हातचा जाऊ नये म्हणून. मागच्या काचेतून ती हात हलवत होती आणि माझं सगळं चित्र गदगदा हलत होतं.

कोल्हापुरात परत आल्यावर ते टीव्हीवर लावलं तेव्हा मी रिमोट शोधायला लागले. बंदच करणार होते.

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. "बघ की, ती टाटा करतीया, तर चित्र बी तिला टाटा करतंय."

या हाताला मी पहिल्यांदाच हसले. मग आम्ही ते पुन्हा लावलं.