वाघआबा हैदराबादला वाघ बघायला गेले

नांदेडला राहून लेकराला वाघ दाखवायचा म्हटलं की आम्ही गाडी हैदराबादकडे वळवतो. लातूरचे आमचे पाहुणेही तेच करतात, फक्त ते उदगीर-बीदरवरून जातात. आमची आरोही सहा वर्षांची. तिलाही वाघ बघायचा होता, पण तिची एक अट होती. सोबत आबा हवेत. आबा म्हणजे माझे सासरे. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावी ते शेती करतात आणि अख्खं गाव त्यांना वाघआबा म्हणतं.

हे नाव कसं पडलं ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. ऐन थंडीत आबा रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी देत होते. बांधावर बॅटरी मारली तर समोर वाघ! अंगावर पट्टे, मानेवरचे केस उभे, मागचं अंग दबलेलं, उडी घ्यायच्या बेतात. आबा जागचे हलले नाहीत. नजरेला नजर दिली आणि शेवटी वाघच निघून गेला. मी सून होऊन आले तोवर गोष्ट इतकी मुरली होती की शंका काढायची सोयच नव्हती. आरोहीने ती वर्गात सांगितली, तर एक पोरगा "खोटं" म्हणाला. तेव्हापासून तिचं ठरलं होतं: आबांनी खऱ्या वाघासमोर उभं राहून "असाच होता" म्हणायचं, मी मोबाइलवर घ्यायचं आणि ते त्या पोराला दाखवायचं.

शनिवारी उजाडायच्या आत नवरा, आरोही आणि मी निघालो. (सोमवारी हैदराबादचं झू बंद असतं, बेत आखताना लक्षात असू द्या.) आबा एसटीने नरसीच्या चौकात येऊन उभे होते. कडक इस्त्रीचं धोतर, हातात सासूबाईंनी दिलेली धपाट्यांची पिशवी. रस्ता छान आहे. देगलूर मागे पडलं की पाट्या तेलुगू होतात आणि हॉटेलांत इडली चांगली मिळायला लागते. आम्ही मात्र झाडाखाली गाडी लावून धपाटे आणि भुरक्याची चटणी खाल्ली, कारण ते परत नेले असते तर सासूबाईंपुढे आमचं काही खरं नव्हतं. रात्री लॉजवर राहिलो.

रविवारी गेट उघडायलाच पोचलो. सुट्टीची गर्दी होतीच. आत बॅटरीची गाडी मिळते, तिचं तिकीट वेगळं. लेकरू आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर काटकसर करू नका. हत्ती, जिराफ, पाणघोडा असं सगळं आरोहीने भराभर उरकलं. तिला घाई होती.

वाघ जागा होता. खंदकापलीकडे आरामात येरझाऱ्या घालत होता.

"आबा, म्हणा ना. असाच होता का?"

मी मोबाइल धरला. आबा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो लईच मोठा हाय," ते म्हणाले.

"तुमचा लहान होता?"

"आसंल. आंधार व्हता, बाळा."

आरोहीचं तोंड एवढंसं झालं. मला आबांचा राग आला. दोन शब्द म्हणायला काय जात होतं?

पुढे एका जाळीजवळ फारशी गर्दी नव्हती. आत एक करडं जनावर उभं होतं. अंगावर काळे पट्टे, मानेपासून केसांचा तुरा, आणि पाठ मागे उतरत गेलेली, जणू आत्ता उडी घेईल. आबा जागीच थांबले. त्यांनी तिथल्या रखवालदाराला विचारलं, "इसको क्या बोलते, भाई?"

"लकडबग्घा बोलते, बाबा."

नवरा लगेच पुढे सरसावला. "बग्घा म्हणजे वाघच की, आबा! वाघाच्याच खानदानातला!"

आबांना सुटायला दार उघडं होतं. त्यांनी मान हलवली.

"न्हाई रं. तरस हाय ह्यो. आमचा आज्जा सांगायचा, म्या कदी बघितला नव्हता." मग ते आरोहीकडे वळले. "ह्योच व्हता, बाळा. वाघ नव्हता."

मी मोबाइल खाली घेतला. आरोही आबांकडे बघत होती.

"पण तुम्ही त्याला भ्याला नाहीत ना?"

"लई भ्यालो. पायच हालंनात, म्हून हुबा ऱ्हायलो."

परतीच्या वाटेवर संगारेड्डी गेलं, पिटलम गेलं, आरोही मोबाइलवर वाघाचे फोटो मागेपुढे करत बसली होती. आबा खिडकीबाहेर बघत होते. आपण म्हाताऱ्याचं नाव घालवायला एवढं डिझेल जाळलं, असं मला वाटत राहिलं.

दिवेलागणीला गावात शिरलो. पारावरच्या मंडळींनी गाडी अडवलीच. "काय वाघआबा, पाव्हना भेटला का तिकडं? वळखला का न्हाई?"

आबांनी काच खाली केली. आता ते सांगून टाकणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तेवढ्यात आरोही मागून ओरडली, "आबांनी बघितल्या बघितल्या ओळखलं त्याला!"

"वळखनारच की!" म्हणत मंडळी हसली. आबांनी काच वर घेतली आणि पंच्याने तोंड पुसलं.

या सहलीचं काय उरलं म्हणाल, तर वाघाचे फोटो छान आलेत. तरसाचा एकही नाही. वर्गातल्या त्या पोराला आरोहीने काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. पण सोमवारी संध्याकाळी तिने आबांना फोन लावला आणि गोष्ट सांगा म्हणाली.

"कोन्ची सांगू? वाघाची का तरसाची?" आबांनी विचारलं.

"तुम्ही भ्याला होतात ती."