परटिणीचा दगड

लढाई संपली आणि मी पलटणीतून घरी आलो, तेव्हा कायदा माझ्या अंगात भिनला होता. आमचं गाव आष्ट्याच्या बाजूचं, कृष्णाकाठचं. आल्या आल्या मी घर बांधायला काढलं. नदीतली वाळू आणि दगड सरकारचे. घरापुरते न्यायचे तरी तालुक्याच्या कचेरीतून परवानगी काढावी लागे. गावात कुणी काढत नसे. मी काढली. तो सहीशिक्क्याचा कागद खिशात घालून पात्रात असा फिरायचो, की जणू नदीच माझ्या नावावर झालीय.

पाणवठ्याच्या खालच्या अंगाला एक रुंद, चपटा दगड होता. गावची परटीण त्यावर धुणं धुवायची. दारातल्या पायरीला तो अगदी मापाचा होता, म्हणून मी गड्यांना तो गाडीत घालायला सांगितलं. हातातलं धुणं टाकून ती पळत आली.

“दादा, त्यो नगा नेऊ. माज्या सासूपासनं हाय त्यो.”

“नदी सरकारची हाय. दगड तुझा असंल तर कागद दाखव,” मी म्हणालो.

तिच्याकडे कागद कुठला असणार? ती धुण्याकडे परत गेली. गड्यांनी मान खाली घालून दगड गाडीत चढवला. कायद्यानं वागणारा गावात मी एकटाच, असा माझा तोरा. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

पंधरा दिवसांनी दगड दारात बसला. आई कौतुकानं बघायला आली आणि तिथंच थबकली.

“ह्यो परटिणीचा न्हवं रं? तू झालास तवा माजं बाळंतपणाचं समदं धुणं तिच्या सासूनं ह्याच्यावरच धुतलं. त्याच्यावर पाय देऊन घरात शिरणार व्हय तू?”

ती मागच्या दारानं आत गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दगड उखडून गाडीतून नदीवर नेला. परटीण एका खडबडीत, वाकड्या खडकाशी ओणवी होऊन धूत होती. आपला दगड दिसताच ती हसली. मग तिनं त्यावरून हात फिरवला. पावसाळ्यात पाय घसरू नये म्हणून गवंड्यानं सगळीकडे टाकी मारून तो खरखरीत केला होता.

“आता ह्याच्यावर लुगडी फाटतील, दादा,” ती हळूच म्हणाली.

मी धोतर खोचून पात्रात उतरलो. दुपारपर्यंत शोधून एक बरा, सपाट दगड सापडला. गड्यांनी तो ओढत तिच्या जागेवर आणून ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या खिशाकडे बघितलं.

“ह्याचा कागद काढाया मला कचेरीत जावं लागंल का?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.