सोनपेठवरून हैदराबाद

हैदराबादपर्यंत सायकलने जायचं, ही कल्पना ड्रायव्हरसाहेबांची. एसटीतून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी आमच्यासोबत सेलू-वालूर रस्त्यावर सायकल चालवतात. याच रस्त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं गाडी चालवली. आतल्या वस्त्यांवरच्या मुली शाळेसाठी बांधावरून पळत येताना दिसल्या की ते गाडी उभी करायचे. त्या वस्त्यांवरच्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या, त्यासाठी गावोगाव थांबत, मदत मागत जायचं, असं ठरलं. हैदराबादच का? आमच्या मराठवाड्यात मोठं काम म्हटलं की, निजाम जाऊनही, अजून तेच शहर आठवतं.

मी हायस्कूलचा मास्तर, म्हणून वेळापत्रक आपोआप माझ्या गळ्यात पडलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी सेलूपासूनचा रस्ता काढला. पहिल्याच दिवशी परभणी मागे टाकून थेट गंगाखेड. सहा दिवसांत हैदराबाद. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

ड्रायव्हरसाहेबांनी पेन्सिल मागितली. पहिला मुक्काम पाथरीला, मावशीकडे. दुसरा सोनपेठला, थोरल्या बहिणीकडे. गंगाखेड तिसऱ्या दिवशी, तिथे व्याही. रोज आमच्यासोबत सायकल चालवणाऱ्या मेडिकल दुकानवाल्यांनी कपाळाला हात लावला. आपण सायकल चालवायलोत का पाहुणचार झोडत फिरायलोत, असं त्यांनी विचारलं.

माझं डोकं सटकायला वेळ लागत नाही. मी खोडरबर घेऊन सोनपेठ खोडलं आणि ज्यांना पाहुण्यांकडे जायचं त्यांनी एसटीने जावं, असंही सुनावलं.

ते शांतपणे म्हणाले, "बहिणीच्या दारावरून जायाचं अन् तिच्या घरी न्हाई टेकायचं? जलमभर बोलायची न्हाई ती, सर."

निघताना ते भिंतीला हात लावून उठले, डावा पाय सरळ ठेवून. पायऱ्या एकेक करून उतरले. तीस वर्षं क्लच दाबून तो गुडघा कामातून गेलाय, हे मला आणि मेडिकलवाल्यांना माहीत आहे. ते सांगत नाहीत, आम्ही विचारत नाही.

ते गेल्यावर मला आठवलं. त्यांची सोनपेठची बहीण दिवाळीपासून मुलाकडे पुण्याला असते. घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलीय, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. मग सोनपेठला जायचं कोणाकडे? मी कॅलेंडर पुन्हा हातात घेतलं. त्यांचा प्रत्येक टप्पा पंचवीस-तीस किलोमीटरचा होता, त्या गुडघ्याला झेपेल एवढाच.

मला लाज वाटली. ज्यांनी हा दौरा काढला, त्यांनाच मी घरी बसवायला निघालो होतो. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय मला कुठेही जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडर त्यांच्यापुढे ठेवलं. सोनपेठ परत लिहिलं होतं. गंगाखेडच्या पुढे राणीसावरगावचा एक मुक्कामही वाढवला होता.

त्यांनी चष्मा पुसून कागद बराच वेळ पाहिला.

"राणीसावरगावात तुमचं कोण हाय?"

"चुलत मेव्हणी," मी म्हणालो. तिथे माझं कोणीही नाही.

मग कागदाची नीट घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि म्हणाले, "मंग थांबावंच लागंल. नाराज व्हईल ती."